म्हाताऱ्याला खाली बसवा

सत्तरच्या दशकात मी नवा मास्तर होतो. शाळेच्या गावी जायला वारंगा फाट्यावर एसटी धरायचो. एकदा तिथं एक मदारी आला. त्याचं माकड आमच्याकडच्या वानरांसारखं नव्हतं. अंग काळंभोर, तोंडाभोवती पांढुरकी दाढी, शेपटीला गोंडा. लोक म्हणाले, "आजोबा आले!" बायांनी वाकून नमस्कारही केला.

तापलेल्या डांबरावर ते पाय उचलत होतं आणि सारखं कडुलिंबाकडं बघत होतं. मदारी दोरी सैल सोडून त्याला झाडावर जाऊ देणार, तेवढ्यात मी मास्तरकीच्या तोऱ्यात ओरडलो, "काहून चढवून राहिला? म्हातारं हाय, पडंल की!" मदाऱ्यानं माझं ऐकलं आणि त्याला खाली पोत्यावर बसवलं. मी डब्यातली भाकरी दुधात कुस्करून दिली. त्यानं तोंड लावलं नाही.

कितीतरी वर्षांनी एका मासिकात त्याचं चित्र दिसलं. सिंहपुच्छ माकड. दक्षिणेतल्या दाट पावसाळी जंगलात थोडीच उरलीत. झाडांच्या शेंड्यांवर जन्म काढतात, जमिनीवर क्वचितच उतरतात. आणि ती दाढी त्यांना लहानपणीच फुटते.

मास्तर कसला, अडाणी मी! त्या उघड्या फाट्यावर त्याच्यासाठी एकच झाड होतं. तेही मी काढून घेतलं, मोठ्या मायेनं.