कट्ट्यावरची गावकी

“गावाला रस नाही. रविवारी ग्रुप बंद करतो,” मंदारचा मेसेज वाचला आणि माझं डोकंच फिरलं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही पुण्याची काही मंडळी पोलादपूरच्या डोंगरावर कुडपणला भटकायला गेलो होतो. तिथल्या घरांशी जुळलेली ओळख टिकावी म्हणून मंदारने आणि मी ‘कुडपण-पुणे कट्टा’ हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. पण बोलायचे फक्त पुणेकर (नवल ते काय!). गावाकडून अवाक्षर नाही. ग्रुप मरू द्यायचा नाही, हे मी ठरवलं होतं. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते बघायला शनिवारी पहाटे स्वारगेटला एसटीत बसले.

ताम्हिणीतून माणगाव, मग महाड. तिथून हायवेने पोलादपूर म्हणजे हाकेच्या अंतरावर. तिथून वर कुडपणला जाणारी जीप भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे दुपारच्या आत पोहोचा आणि भाडं आधीच विचारून घ्या. पुढे वळणंच वळणं आहेत. मी स्टँडवर दोन वडापाव हाणले होते, तुम्ही तो वेडेपणा करू नका.

जीपमध्ये शेजारच्या आजोबांनी विचारलं, “कुनाकडं चाललीस गो?”

“सुनंदाकाकूंकडे. पुण्याहून आले.”

“मंजे तू कट्ट्यावाली! त्या प्राचीबायची भाकरी जमली का नाय?”

आमच्या प्राचीने काही महिन्यांपूर्वी ग्रुपवर विचारलं होतं, नाचणीची भाकरी थापताना फुटते, काय करू? हे आजोबा सगळं वाचत होते तर!

मागच्या वेळी आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या सुनंदाकाकूंनी कुळथाचं पिठलं आणि भाकरी वाढली. प्रवासाचा शीण तिथेच उतरला. पहिला घास घेऊन मी सरळ विचारलं, “काकू, तुम्ही लिहीत का नाही?”

“आमी कसं लिवनार? गावकी बसली की पंच बोलतात, बाकीचे ऐकतात. हितं पन तसंच आसंल, म्हटलं.”

त्यांनी फोन पुढे केला. जिथे लिहायचं तिथे ओळ होती : फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात.

मी तिथूनच मंदारला फोन लावला.

“अगं, सुरुवातीला गुड मॉर्निंगच्या फुलांचा पूर आला होता ना, तेव्हा मीच केलं होतं ते. आपल्या सगळ्यांना अ‍ॅडमिन केलं आणि विसरूनच गेलो.”

आपल्या सगळ्यांना! गावातल्या एकालाही नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मला संताप आला आणि लाजही वाटली. मीही अ‍ॅडमिन होते, तिथल्या तिथे ते कुलूप काढलं आणि काकूंना अ‍ॅडमिन केलं.

“आता बोलले तर चालंल ना?”

“चालेल काय, बोलाच!”

“मंग आधी मागलं ऱ्हायलंय ते.”

मागलं म्हणजे काय, ते रविवारी परतीच्या एसटीत कळलं. फोन थांबेचना. काकू जुने प्रश्न शोधून एकेकाला उत्तर देत होत्या. प्राचीला : “पानी कडकडीत घे बाय, फुटनार नाय.” आणि घरी पोहोचले तेव्हा मंदारच्या ‘रस नाही’खाली : “रस हाय रे. तोंड तूच बांधलं हुतंस.”

ग्रुप बंद करायचं मंदारने पुन्हा नाव काढलं नाही. सोमवारी सकाळी त्याने भाकरीचा फोटो टाकला. पार फुटलेली.

खाली लगेच काकू : “कडकडीत म्हटलं हुतं ना रे?”