उसवलेली पिशवी

भंगारवाल्याच्या हातगाडीवरून सोडवलेली जुनी शिलाई मशीन मी शहाडच्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. ते माझ्याशी कमी आणि मशीनशीच जास्त बोलायचे. रॉकेलच्या बोळ्याने पुसून त्यांनी तिचा नंबर वाचला, आपल्या कळकट वहीत शोधला आणि म्हणाले, "तुमच्या आजीच्या वयाची आहे ही. शिवणार, की वर कुंडी ठेवणार?"

"शिवणार," मी धडधडीत खोटं बोललो. कुंडी आधीच आणलेली.

तेव्हापासून दर महिन्याला "इथूनच चाललेलो" म्हणत ते डोंबिवलीला माझ्या घरी येतात आणि उसवलेली पिशवी पुढे करतात. पिशवी तीच, शिवण गेल्या महिन्यात मीच घातलेली, ब्लेडने नीट कापलेली. मी पुन्हा टीप मारतो. ते डोळे मिटून मशीनचा आवाज ऐकतात.

कुंडी अजून पलंगाखाली आहे.