जर्मलच्या किटलीतलं ॲसिड

मी काही लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तेही रसायनशास्त्र शिकायला. निबंधात मला दहापैकी सहाच्या वर गुण कधी पडले नाहीत. त्यामुळे वाचणाऱ्यांचा वेळ घेताना संकोच वाटतो, त्याबद्दल माफी असावी. पण आमच्या मळ्यात जे घडलं, त्याची जी हकिकत गावात सांगतात ती खरी नाही. खरी फक्त मला आणि माझ्या चुलत्यांना माहीत आहे, आणि ते सांगणार नाहीत.

आमची वस्ती नगर जिल्ह्यातल्या बेलापूरपासून थोडी आत आहे. विहिरीचं पाणी जड. उसाच्या ठिबकच्या नळ्यांत पांढरे क्षार धरतात, थेंब पडायचा थांबतो, मग नळ्यांतून ॲसिड सोडावं लागतं. ॲसिडचा निळा प्लॅस्टिकचा कॅन आम्ही आणि शेजारचा मळेवाला मिळून आणतो. ज्याचं काम आधी निघेल तो आपलं निम्मं काढून घेतो आणि कॅन पुढे देतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो होतो, तेव्हा आमची पाळी होती.

शेजारी कॅन मागायला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपाशी आला.

"काय सायब, कॉलेजात ॲसिड नुसतं हुंगायला शिकवत्यात, का नळ्यांत सोडायलाबी?" त्याने मला विचारलं.

"हसू नको," तात्या म्हणाले. तात्या म्हणजे माझे चुलते. "आमच्या घरात आता शास्त्रज्ञ हाय. तू दर वर्साला इजारीला भोकं पाडून घेतो, तसं आमचं न्हाई."

"बरं, शास्त्रज्ञाला म्हनावं उरका. मी टेम्पो घिऊन येतो," असं म्हणून तो गेला.

मी फुगलो होतो, हे कबूल करतो. आमचं निम्मं ज्यात काढायचं ती प्लॅस्टिकची बादली तडकलेली निघाली. तात्यांनी दुधाची रिकामी किटली पुढे केली. ॲल्युमिनियमची, आमच्याकडे तिला जर्मलची म्हणतात.

"हिच्यात चालंल का रं?"

मी आधी किटलीत पाणी घेतलं. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडात पाणी कधी ओतायचं नाही, हा नियम मला पक्का ठाऊक होता. तात्यांना तो समजावून सांगत मी बारीक धारेने ॲसिड ओतलं आणि वाकून पाहिलं. बुडबुडा नाही, आवाज नाही.

"चालतंय तात्या, काही होत नाही."

वास सुटू नये म्हणून झाकणही मीच तळव्याने ठोकून घट्ट बसवलं.

धातूंची क्रियाशीलतेची श्रेणी मला शाळेपासून तोंडपाठ आहे. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, ॲसिड आधी तो थर खातं आणि मग धातूला भिडतं, त्यामुळे सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटतं. हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे आणि त्याचे गुणही घेतलेले आहेत. त्या दिवशी त्यातलं अक्षरही आठवलं नाही. पुस्तकातल्या ॲल्युमिनियमचा आणि ज्या किटलीतून मी शाळेत असताना रोज डेअरीला दूध घातलं तिचा काही संबंध असेल, हे डोक्यातच आलं नाही. आज लिहितानाही माझा विश्वास बसत नाही.

मी फिल्टरची जाळी धुवायला हौदाकडे गेलो. थोड्या वेळाने तात्या किटली उचलायला गेले. तोंडात बिडी होती.

"तापलीया की रं ही," ते तिथूनच म्हणाले. "उन्हानं व्हय?"

किटली सावलीत होती. मी जाळी खाली टाकून तिकडे धावलो. झाकण निघत नव्हतं म्हणून तात्यांनी किटली गुडघ्यांत धरली आणि हिसका दिला.

फट्!

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. शाळेत सर परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी धरायचे तेव्हा असाच यायचा. सगळा वर्ग हसायचा आणि आम्ही वहीत लिहायचो, हायड्रोजन वायू. हा तोच होता, फक्त किती तरी मोठा. तात्या दोन्ही हात तोंडावर धरून जमिनीवर पडले होते आणि किटली फेस ओकत लोळत होती.

मी घराकडे पळालो. आम्लावर आम्लारी, एवढंच डोक्यात होतं. खायच्या सोड्याचा डबा घेऊन परत आलो, तोवर आवाज ऐकून आलेल्या आईने मोटार चालू करून पाईप तात्यांच्या तोंडावर धरला होता. आई शाळेत गेलेली नाही.

"आये, सोडा घाल! सोड्यानं ॲसिड मरतं!"

"हो बाजूला! त्यांच्या डोळ्यात आनखी काय काय घालतो? भावजी, डोळं उघडा. उघडा म्हनते ना! तू पाय धर त्यांचं."

मी डबा टाकून पाय धरले. टेम्पो येईपर्यंत ती पाणी मारत राहिली आणि पुढे टेम्पोतही कळशीने ओतत राहिली.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाणी लगेच मारलंत ते बरं केलंत. मग त्यांनी विचारलं, "ॲसिड जर्मलच्या भांड्यात ओतलं कुणी?"

दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधलेले तात्या म्हणाले, "मीच. मला आडान्याला काय कळतंय. पोरगं तवर घरी अभ्यासाला गेल्यालं."

मी खाटेला टेकून उभा होतो. माझ्या हातांना अजून ॲसिडचा वास येत होता. मी ते खिशात घातले. गावात मग तीच गोष्ट पसरली, आणि आईलाही तेवढीच माहीत आहे.

सुट्टी संपली, मी कॉलेजला परतलो. रोज फोन करायचो. "बरं हाय," आई म्हणायची. "पट्टी निघंल. तू परीक्षेचं बघ." तात्यांना फोन दे म्हटलं की ते नेमके झोपलेले असायचे.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो आणि फाटकापाशीच फोन लावला. आईने आधी विचारलं, "झालं का रं समदं पेपर?" मी हो म्हणालो.

"पट्टी काढून पंधरा दिस झालं," ती म्हणाली. "डाव्या डोळ्यानं दिसतंय. उजवा गेला. उजेड-अंधार तेवढा कळतो. डाक्टर म्हनले, आता ह्याच्यापरीस जास्ती न्हाई. भावजींनीच आन घातली हुती मला, पोराचं पेपर हुईस्तोवर सांगायचं न्हाई म्हनून."