आवजो म्हणजे ये नव्हे

आम्ही गाव सोडलं तेव्हा माय फाट्यापर्यंत आली होती. तिथून एसटी दोंडाईच्याला जाते आणि दोंडाईच्याहून रेल्वे सुरतेला. आरोही दीड वर्षाची होती, माझ्या कडेवर झोपलेली. तिचे पप्पा गाठोडी आत चढवत होते. मायनं कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता, आणि सुरतेचं पाणी गोड आहे की खारं हे तिसऱ्यांदा विचारून झालं होतं. वडील गेल्यापासून ती एकटीच. मला भाऊ नाही, बहीण नाही. बसच्या पायरीवर पाय ठेवताना मला भरून आलं आणि मी बोलून गेले, "जागा झायी का तुले बलाई लिसू, माय."

"जव्हय बलावशी तव्हय येसू," ती म्हणाली.

तुमच्यापैकी जे सुरतेला आलेत त्यांनी जागा झाली की बोलावून घेते हे वाक्य घरी कुणाला तरी दिलेलं असणार. जे मागे राहिलेत त्यांनी ते जपून ठेवलं असणार. देणाऱ्याला ते लवकर विसरायला होतं, एवढं मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

सुरतेच्या उधना भागात, एका चाळीत आम्हाला दहा बाय दहाची एक खोली मिळाली. आरोहीच्या पप्पांना लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, रात्रपाळी. ते सकाळी यायचे, चहा प्यायचे आणि झोपायचे, म्हणजे दिवसभर ती खोली त्यांच्या झोपेची. लूमच्या आवाजानं त्यांचे कान बसले होते. साधं मीठ मागायचं तरी भांडल्यासारखे ओरडायचे, आणि पहिले काही महिने चाळीतल्या बायका माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघायच्या. मी दाराबाहेर गॅलरीत बसून साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम घेतलं. ठेकेदार गठ्ठे टाकून जायचा आणि दोन दिवसांनी न्यायचा.

आरोही वाढली ती शेजारच्या गुजराती मासींच्या दारात. तिला वाचा तिथेच फुटली. खान्देशची पोर, पण भूक लागली की गुजराती, रडायला आलं की हिंदी, आणि अहिराणी फक्त माझ्या शिव्या समजण्यापुरती. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं. पोर इथली झाली, आता आपणही होऊ, असं मी मनाशी म्हणायचे. काय ते माझं डोकं.

रोज संध्याकाळी मायचा फोन यायचा. ती अहिराणीत विचारायची, आरोही भलत्याच भाषेत काहीतरी सांगायची, आणि दोघी खूश. फोन ठेवताना पोरगी न चुकता म्हणायची, "आवजो, आजी." इथे निरोप घेताना सगळेच आवजो म्हणतात. जाणारा म्हणतो, राहणाराही म्हणतो. तोंडातून आपोआप निघणारा शब्द, त्यात बोलावणं वगैरे काही नसतं.

मायला गुजराती अजिबात येत नसतं तर बरं झालं असतं. पण आमच्या गावात गुजरांची दहाबारा घरं आहेत आणि त्यांच्या बोलीत आव म्हणजे ये. तिला तेवढं येत होतं. घोळ तिथेच झाला.

दोन वर्षं तिनं ते रोज ऐकलं. मग एके दिवशी दुपारी ती उधना स्टेशनवरून विचारत विचारत आमच्या चाळीत येऊन उभी राहिली. डोक्यावर गाठोडं, हातात तेलाचा डबा. मी धागे कापत होते, कात्री तशीच हातात राहिली. "काय झालं माय, अचानक?" मी विचारलं.

"रोज बलावस ना ती माले," आरोहीकडे बोट दाखवत ती हसली. "मंग उनू." म्हणून आले.

ती कायमची आली होती हे मला गाठोडं सोडताना कळलं. आत तिची दोन्ही लुगडी होती, देवांची डबी होती, वडिलांचा फोटो होता. शेळ्या तिनं चुलत दिराला देऊन टाकल्या होत्या. गावानं शिधा बांधून देऊन तिची पाठवणी केली होती. सगळ्या गल्लीला ती सांगून आली होती की नातीनं बोलावलंय.

दोन दिवस गेले, चार गेले. जावई दिवसभर आत झोपलेला, मग सासूनं तिथे पाठ कशी टेकायची? ती डोक्यावर पदर घेऊन जिन्यात बसून राहायची. येणाऱ्याजाणाऱ्याला वाट देण्यासाठी दर वेळी गुडघ्यावर हात ठेवून उठायची. संडास खालच्या मजल्यावर, सकाळी तिथे रांग. गावात पहाटे शेतावर जाऊन येणारी बाई इथे पाणी प्यायचं टाळू लागली. आरोही मात्र तिला चिकटून असायची, आणि आरोही जे बोलायची ते तिला कळायचं नाही.

आठव्या दिवशी ती माझ्याशेजारी बसून धागे कापत होती. हात माझ्यापेक्षा चपळ. ठेकेदार गठ्ठा उचलून निघाला तशी आरोही ओरडली, "आवजो, काका." थोड्या वेळानं मासी भाजीला निघाल्या, त्यांनाही आवजो. मायची कात्री थांबली.

"हाई कोनले बलाई राहिनी?" ती म्हणाली. ही बोलावतेय कुणाला?

तिथे मी खोटं बोलायला हवं होतं. पोर आहे, काहीही बोलते, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मी सुरतेची जाणकार. मी हसत हसत समजावून सांगितलं, "आठला लोके जाताना आसंच म्हनतस, माय. निंघस तसं." निघतो म्हणतात तसं.

ती "हां" म्हणाली आणि पुढचा धागा कापला. मग बराच वेळ ती साडीचा काठ चाचपत राहिली, जिथे कापायला काही नव्हतंच.

संध्याकाळी तिनं जावयाला सांगितलं, सोमवारी निघते. आरोहीचे पप्पा त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "राहा ना मामी, जाता कुठे?" सगळ्या चाळीनं ऐकलं. त्यांना ती खरंच राहायला हवी होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मायनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या एका शब्दाचा प्रश्न होता. मी खाली बघून कणीक मळत राहिले. आणि लपवत नाही, माझा जीव भांड्यात पडला होता. मला जिना दिसत होता, रांग दिसत होती, पुढची कितीतरी वर्षं दिसत होती. आईला राहा म्हणणं मला जमलं नाही.

गावात तिनं सांगितलं की सुरतेची हवा मानवली नाही. लोक हसले असणार. पाठवणी करून घेतलेली बाई दहा दिवसांत परत, हे गावाला वर्षभर पुरतं. शेळ्या मागायला ती दिराच्या दारी गेली नाही. हे सगळं मला गावाहून आलेल्या एका बाईनं सांगितलं. माय फोनवर फक्त पाऊसपाण्याचं बोलायची, आणि आरोहीला फोन दे असं तिनं पुन्हा म्हटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सुरतेतच कोसाडला राहायला आलो. दोन खोल्या, आत संडास, आरोहीच्या पप्पांना दिवसपाळी. सामान लावून झालं त्याच दिवशी मी फोन केला. आत्ता खरंच बोलावते, म्हटलं, अहिराणीत, नीट ऐकू येईल असं. "माय, आते जागा झायी. ये."

ती जराही रागावली नाही. रागावली असती तर मी पाया पडले असते. "आते नको बलावू," ती म्हणाली. "गावले काय सांगू मी? दुसरांदा?"

मी आणखी दोनदा बोलावलं. मग थांबले. दुसऱ्या खोलीत आता साड्यांचे गठ्ठे असतात, आरोही तिला साडीवाळी रूम म्हणते.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकीनं माहेरी जायचं असतं. झोके बांधतात, मुली गाणी म्हणतात, आणि आई पंधरा दिवस आधीपासून बोलावणं धाडते. सुरतेला आल्यापासून मला सुटी मिळो न मिळो, मायचा तो फोन कधी चुकला नव्हता. ती परत गेली त्या वर्षीसुद्धा आला होता. यंदा आला नाही. सणाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मीच केला. तिनं तब्येत विचारली, पाणी येतं का विचारलं. येऊ का, हे माझ्या तोंडून निघालं नाही. ये, हे तिच्या तोंडून निघालं नाही. मग तिनं फोन ठेवला.

घर कुठलं, असं इथे कुणी विचारलं की मी गावाचं नाव सांगते, तालुका सांगते. सांगायला अजून सांगते. पण ज्या दारातून आपल्याला ये म्हणतात तेच आपलं घर, असं मी लहानपणापासून धरून चालले होते, आणि त्या हिशेबानं मला आता घर नाही. ते माझ्याच हातानं गेलं. आखाजीच्या दिवशी ठेकेदाराकडे सुटी नव्हती. मी कामाला बसले.