पाडाला आलेला मतदारसंघ

ठाकूरद्वारच्या कमलाकांत आगासकरांना, म्हणजे वाडीच्या भाऊंना, एकच व्यसन होतं आणि ते तपकिरीहून वाईट: मतदारसंघ. म्युनिसिपालिटीतून निवृत्त झाल्यापासून एका जाड वहीत ते मतदारसंघांच्या कुंडल्या मांडत. लोक किती, पोटापाण्याला काय करतात, कुणावर रुसलेत. शेवटी शेरा, तोही आंब्याच्या भाषेत. काहीच ठरलेलं नसेल तिथे 'कैरी', कल दिसू लागला की 'पाड', निकाल पक्का असला की 'पिका'. सत्तावन्न साली गिरगावापुढे त्यांनी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या नावाने 'पिका' लिहिलं, तेव्हा वाडीत निकालाआधीच पेढे वाटले गेले. त्यांची पद्धत साधी होती. तांब्या घेऊन वाडीच्या नळावर उभं राहायचं आणि कान उघडे ठेवायचे. नळावर माणूस खोटं बोलत नाही, असं ते म्हणत. घरात पिंप भरलेलं असताना हे ध्यान तांब्याभर पाणी आणतं, असं यशोदाबाई म्हणत.

जगाचे कल सांगणारा हा माणूस पोटच्या पोराशी मात्र दीड वर्ष बोलला नव्हता. चळवळ ऐन भरात असताना श्यामकांत खाणीतली नोकरी धरून कॅनडाला निघाला. "इथे लोक गोळ्या खातायत आणि तू बर्फ खायला चाललास? पुन्हा तोंड दाखवू नकोस!" भाऊ रागाच्या भरात बोलले आणि अडकले. श्यामची पत्रं आईच्या नावाने यायची, तीही दिवाळीपासून बंद. आधी कोण लिहिणार यावर बापलेक हटून बसलेले. मला विचाराल तर दोघांनाही त्या नळाखाली धरायला हवं होतं.

अठ्ठावन्नच्या फेब्रुवारीत पेपरात आलं, कॅनडात मार्चअखेर निवडणूक. भाऊंनी नकाशा उघडला. श्यामचा मतदारसंघ अख्ख्या मुंबई राज्याहून मोठा आणि माणसं गिरगावच्या चार रस्त्यांत मावतील एवढी! आठ दिवस ते ग्रंथालयात बसले. खाणी, मासेमारी, जंगलं, सगळं वहीत उतरलं. शेऱ्याची जागा मात्र रिकामी.

"नळावरचं कळल्याशिवाय शेरा कसा देऊ?"

"मग विचारा की तिथल्या कुणाला," यशोदाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. मान काही वर केली नाही.

भाऊंनी लिहिलं. ना चिरंजीव, ना आशीर्वाद. 'तुमच्याकडे लोक पाणी कुठे भरतात? तिथे काय बोलतात? वहीसाठी हवे आहे.'

तीन आठवड्यांनी चार पानी उत्तर आलं. 'तीर्थरूप भाऊ, इथे थंडीत नळ गोठतो. तळ्यावरचा बर्फ फोडून पाणी काढतात. मीही जातो. उमेदवारांबद्दल कुणी फारसं बोलत नाही. घरून पत्र आलं का, वडील काय म्हणतात, हेच विचारतात. दीड वर्ष मला सांगायला काही नव्हतं. परवा तुमचं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. शेरा: मतदारसंघ कैरी. मी मात्र पाडाला आलोय. मे महिन्यात सुट्टी आहे. येऊ का?'

भाऊंनी पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात. मोठा माणूस हो, पण धोतराच्या सोग्याने डोळे पुसत बसला.

"अहो, काय लिहिलंय? कोण निवडून येणार तिथे?"

भाऊंनी वही ओढली, रिकाम्या जागेत ठसठशीत 'पिका' लिहिलं.

"आपला श्याम," ते म्हणाले. संध्याकाळचं पाणी आलं होतं. भाऊ उठले आणि तांब्या न घेताच नळाकडे निघाले.