पेरणीला काढलेली पट्टी

माझ्या लेकीचा डावा डोळा नाकाकडं वळतो, हे घरात सगळ्यांत आधी बायकोच्या लक्षात आलं आणि सगळ्यांत शेवटी माझ्या. मी शाळेत विज्ञान शिकवतो. फळ्यावर डोळ्याची आकृती काढतो आणि निरीक्षण हा विज्ञानाचा पाया आहे, असं न चुकता सांगतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बायको म्हणाली, "दवाखान्यात दाखवू." आई म्हणाली, "लक्ष्मीचा डोळा हाय तो. मोठी झाली की येतो जागेवर." सासू-सुनेच्या मध्ये न पडण्याला मी तेव्हा समजूतदारपणा म्हणत असे. आमच्या केदारखेडा गावानं आईची बाजू घेतली, कारण त्यात गावाचा फायदा होता. पोरगी तीन वर्षांची असल्यापासून पेरणीच्या दिवसांत लोक तिला न्यायला येत. तिनं पेरणीयंत्राच्या पेटीत पहिली मूठ टाकली की शेत पिकतं, असा शोध लागला होता. पिकलं तर तिच्या डोळ्यानं, नाही पिकलं तर पावसानं. इतका बिनधोक सिद्धांत मी कुठल्या विज्ञान प्रदर्शनातही पाहिलेला नाही.

ती पाच वर्षांची झाली तरी डोळा जागेवर आला नाही. शेवटी बायकोनंच तिला जालन्याला नेलं. मी गाडी चालवायला होतो. डॉक्टरबाईंनी तिचा डावा डोळा झाकला, तर ती खुशाल चित्रं ओळखत राहिली. उजवा झाकला, तर तिनं बाईंचा हात झटकला आणि रडायला लागली.

"वाकड्या डोळ्याचं चित्र मेंदू घेतच नाही," बाई म्हणाल्या. "डोळा शाबूत आहे, त्याला बघायची सवय राहिली नाही. चष्मा लावा, आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. म्हणजे या आळशाला काम करावंच लागेल. तेव्हा डाळ निवडायला द्या, मणी ओवायला द्या. पुढं ऑपरेशननं डोळा सरळ करता येईल, पण त्यानं नजर येत नाही. नजर याच वयात यायला हवी. उशीर केलात तर हा डोळा जन्मभर नावापुरता."

आईला हे पटेना. "दुखणं एका डोळ्याला अन् पट्टी दुसऱ्याला? गुडघ्याला लागलं तर कोपराला हळद लावत्यात का?" मी बैलजोडीचं सांगितलं. एक बैल सगळं ओढतो म्हणून दुसरा अंग चोरतो. ओढणारा सोडल्याशिवाय चोरणारा हलत नाही. आईनं पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मला वाटलं, पटलं.

मग पेरण्या आल्या आणि गावाची पंचाईत झाली. उजव्या डोळ्यावर पट्टी चिकटवली की डावा बघायच्या खटपटीत सरळ होतो. सरळ डोळ्याच्या पोरी काय, घरोघरी होत्या.

"गुरुजी, घंटाभर पट्टी काढा की," शेजारचा म्हणाला. "डोळा वाकडा दिसलाच न्हाई, मंग नेऊन काय फायदा?"

मी त्याला ओट्यावर उभं करून अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं. असे चार जण परत पाठवले. ते मी शाळेत गेल्यावर पुन्हा आले आणि आईनं पट्टी-चष्मा काढून पोरगी दिली. हे कळल्यावर मी आईला नको नको ते बोललो. अडाणीपणाला औषध नाही, असंही म्हणालो.

पुढच्या रविवारी आमचं सोयाबीन पेरायचं होतं. ट्रॅक्टर उभा होता, बियाण्याची पोती फोडली होती. गेल्या वर्षी आम्हाला दुबार पेरणी करावी लागली होती. मी इकडंतिकडं पाहिलं, तिचा चष्मा खिशात ठेवला आणि पट्टी ओढली. पट्टीबरोबर भुवईचे केस आले, ती कळवळली. "पाचच मिनिटं, बेटा," मी म्हणालो. एकदा निघालेली पट्टी पुन्हा चिकटत नाही. नवी घरी होती. ती आणायला त्या दिवशी कोणी गेलं नाही, आणि पुढचे आठ-दहा दिवस आई पट्टी काढते का, हेही मी विचारलं नाही.

पुढच्या तपासणीत डोळा होता तिथंच होता. "पट्टी रोज लावता ना?" बाईंनी विचारलं.

"बराबर लावतो," मी म्हणालो.

"पेरणीत न्हाई लावत," लेक म्हणाली. "आजी लोकांसाठी काढती. पप्पा आपल्यासाठी काढतेत."

बाईंनी कागदावरून मान वर केली. "सर, हंगाम दरवर्षी येतो. हिचं हे वय परत येणार नाही."

परतताना वाटेत राजूरला बायकोनं गाडी थांबवायला लावली. मग म्हणाली, "आईंना मी अडाणी समजत होते. तुम्हाला काय समजू?" मला लाज वाटली. आजही वाटते.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं, मी पट्टी ओढली त्यासकट. तिनं पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं उठून तुरीच्या डाळीचं ताट घेऊन आली आणि नातीला समोर बसवलं. त्या दिवसापासून पट्टीचा कारभार आईकडं गेला. डाळ संपली की ज्वारी, ज्वारी संपली की मटकी. स्वच्छ धान्यात आई मुद्दाम खडे टाकी. सुरुवातीला पोरगी ते चाचपडून शोधायची, चिडायची, ताट ढकलायची. आई ताट पुन्हा पुढं सरकवायची. कोणी दारात आलंच तर आई आतूनच ओरडे, "लक्ष्मीला टाइम न्हाई. कामावर हाय ती!"

दिवाळीनंतर हरभरा पेरायला घेतला. लेक चष्मा-पट्टी लावून शेतावर आली होती. मी तिला काही टाक म्हटलं नाही. बियाणं पेटीत ओतलं. ती पेटीच्या कडेला हनुवटी टेकवून बराच वेळ बघत राहिली, मग दोन बोटं आत घातली, सरळ, न चाचपडता.

"पप्पा, खडा."

हरभऱ्याएवढाच होता, हरभऱ्याच्याच रंगाचा. मला दिसला नव्हता.