गाळलेलं सूप

"डिसफेजिया," डॉक्टर म्हणाले आणि आमची तोंडं बघून लगेच मराठीवर आले. "गिळायची ताकद गेलीय. घास अन्ननलिकेत जायच्याऐवजी श्वासनलिकेत उतरेल."

स्ट्रोकनंतर आमच्या ह्यांचा हात हलला, पाय हलला, दोन-चार जड शब्दही फुटले होते. त्यामुळं सांगलीच्या त्या दवाखान्यात मी आणि आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, जरा निवांत झालो होतो. तो निवांतपणा तिथंच संपला.

नाकातून पोटापर्यंत नळी घातली. तिला राइल्स ट्यूब म्हणतात. दूध, डाळीचं पाणी, औषधं, सगळं सिरिंजनं त्यातून. ज्या माणसाचा आमटी भुरकायचा आवाज अंगणापर्यंत यायचा, तो गप पडून नळीकडं बघत राहायचा. मला ते बघवायचं नाही.

काही दिवसांनी स्पीच थेरपिस्ट बाई आल्या. मला वाटलं, बोलायला शिकवणार. पण गिळायला शिकवणं हेही त्यांचंच काम असतं, हे ध्यानात ठेवा आणि दवाखान्यात आपणहून विचारा. त्यांनी तपासून नळी काढायला लावली. म्हणाल्या, "पातळ काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. पातळ पदार्थ घशातून झटकन पळतो, ह्यांना तो आवरत नाही. भाज्यांचं दाट सूप करा. शिजवा, वाटा, गाळून घ्या. साल, बी राहायला नको."

आम्ही जैन. गाजर, बटाटा आमच्यात चालत नाही, म्हणून दुधी, लाल भोपळा, टोमॅटो आणि मूगडाळ घेतली. घरी आल्यावर सूप आत्तींनी केलं. आता आमच्यात पाणीसुद्धा दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पीत नाहीत आणि त्या फडक्यालाच गाळणं म्हणतात. 'गाळून घ्या' म्हटल्यावर आत्तींनी स्वच्छ धुतलेलं गाळणं काढलं. गर सगळा वर राहिला, खाली केशरी पाणी आलं. आजाऱ्याला हलकं बरं, म्हणून त्यांनी तेच मायेनं पाजलं.

ह्यांना ठसका लागला तो थांबेचना. दुसऱ्या दिवशी ताप. पुन्हा दवाखाना, पुन्हा नळी. अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया, म्हणजे अन्न-पाणी छातीत उतरून झालेला न्यूमोनिया. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पुढच्या वेळी जमलं नाही तर पोटाला छिद्र पाडून नळी बसवावी लागेल. आणि छाती पुन्हा भरली तर मी काही सांगू शकत नाही."

बाईंनी विचारल्यावर आत्तींनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, मला चाळणी म्हणायची होती."

मला दोघींचाही राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण त्या दिवसापासून आत्ती चुलीकडं फिरकल्या नाहीत. लेकाच्या खोलीतही जाईनात, नुसत्या उंबऱ्यापाशी उभ्या राहायच्या.

छाती साफ झाली, नळी निघाली आणि घरी सूप द्यायचा दिवस उजाडला. महाबळेश्वरात दवाचं बर्फ झालं म्हणून टीव्हीवर सांगत होते, आमच्याकडंही नदीवरचं धुकं हटता हटत नव्हतं. थंडीचा दिवस लहान, आणि दिवस मावळल्यावर हे तोंड उघडणार नाहीत. आजारपणातही तो नेम सुटला नव्हता. म्हणून जेवणं उरकताच मी कुकर लावला. मिक्सरमधून काढलं, पिठाची चाळणी घेतली आणि पळीच्या पाठीनं गर घासून घासून खाली पाडला. बाई म्हणाल्या होत्या, हुलग्याच्या पिठाच्या घट्ट माडग्याएवढं दाट हवं. चमचा तिरका केला. धार लागली नाही, गोळा पडला. तरी मी पुन्हा एकदा तिरका करून बघितला.

ह्यांना ताठ बसवलं, हनुवटी खाली घ्यायला लावली. अर्धा चमचा. गिळल्यावर 'आ' म्हणायला लावायचं. आवाज ओला, घुरघुरता आला तर सूप घशात अडकलंय, तिथंच थांबायचं.

पहिला 'आ' कोरडा आला.

दुसरा घुरघुरला. मी चमचा वाटीत ठेवला. "आवं, नुसतंच गिळा परत," मी म्हणाले. त्यांनी डोळे मिटून कोरडा घोट गिळला. मी ठसक्याची वाट बघत बसले. ठसका आला नाही.

"आता आ म्हणा."

त्यांनी डोळे उघडले, पण माझ्याकडं बघितलं नाही. नजर दाराकडं होती.

"आ... ई."

स्वच्छ, कोरडा आवाज. उंबऱ्यापाशी पदर तोंडाला लावून उभ्या असलेल्या आत्ती खाली बघायला लागल्या. ह्यांनी पुन्हा तेच म्हटलं.

"हाय रं, हितंच हाय मी," म्हणत त्या आत आल्या. मी उठून त्यांना जागा दिली आणि वाटी त्यांच्या हातात ठेवली. उरलेलं सूप त्यांनीच भरवलं, अर्धा-अर्धा चमचा. वाटी संपली तेव्हा दिवस अजून मावळायचा होता.